बटण दाबल्याची नोंद

आजच्या सेवापूर्ती सोहळ्याचे अध्यक्ष आणि आमच्या कार्यालयाचे मालक आदरणीय गणेशराव, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, सत्कारमूर्ती प्रतिमाताई, त्यांच्या घरची मंडळी, माझे सहकारी, आणि तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसलेल्या, जानेफळहून एसटीने खास आलेल्या कलाबाई, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी वैजनाथ. बांधकामांचे नकाशे करून देणाऱ्या या कार्यालयात बावीस वर्षं डिझाइनचं काम पाहतो. कुठल्या छपरात किती लोखंड घालायचं हे मी ठरवायचं आणि ताईंनी ते नकाशावर आणायचं, अशी आमची वाटणी. ताईंविषयी चार शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली आहे. थोड्या वेळाने जे मानपत्र वाचलं जाईल तेही मीच लिहिलं आहे. त्यात ताईंचा काटेकोरपणा आहे, वक्तशीरपणा आहे, आणि ते सगळं खरं आहे. पण निमंत्रणपत्रिकेवर ‘सेवापूर्ती’ छापलं आहे, तिथे मी अडखळतो. ताईंची अजून चार वर्षं शिल्लक होती. मग पूर्ती कशाची झाली? आपण सगळे शिकलेसवरलेले लोक इथे बसलो आहोत, पण हा प्रश्न कुणीच कुणाला विचारला नाही.

ताई आल्या तेव्हा माझा लोखंडाचा तक्ता मी हाताने लिहून द्यायचो. माझं अक्षर कसं आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. ताई कागद घेऊन परत यायच्या आणि सगळ्यांदेखत विचारायच्या, “साहेब, हा आठ आहे की तीन? का अंदाजाने घेऊ?” माझी अशी फजिती होऊ नये आणि नकाशात चूक राहू नये, म्हणून पुढे आम्ही एक सोय केली. माझा तक्ता एक्सेलमध्ये आणि ताईंचा नकाशा कॅडमध्ये, आणि दोघांमध्ये लिंक. मी एक्सेलमध्ये आकडा बदलला की ताईंनी अपडेटचं बटण दाबायचं, नकाशातला आकडा आपोआप बदलतो. ती चूक टाळायची सोय होती, हे कृपया लक्षात ठेवावं.

आता आमच्या दसऱ्याविषयी सांगतो. पाहुण्यांना गंमत वाटेल. त्या दिवशी आम्ही कॉम्प्युटरची पूजा करतो. कीबोर्डला हळदकुंकू, पडद्यावर आपट्याचं पान. गणेशराव नारळ फोडतात, आणि मी नव्या वर्षाचा फोल्डर तयार करतो. त्याच्या नावाआधी ‘श्री’ असतो. चालू असलेली सगळी कामं मग त्या नव्या फोल्डरमध्ये न्यायची. हा मान माझा. गणेशरावांच्या वडिलांच्या काळापासून एक रीत आहे, की सणाच्या दिवशी कार्यालयातलं काही टाकायचं नाही, पुसायचं नाही. म्हणून मी जुन्या फायली हलवत नाही, त्यांची नक्कल नव्या फोल्डरमध्ये टाकतो. जुन्या फायली दुसऱ्या दिवशी पुसायच्या असतात. दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याचा दुसरा दिवस रविवार होता. सोमवारी मी विसरलो.

त्या कामांमध्ये बीबीकडच्या एका गावाचं समाजमंदिर होतं. दिवाळीनंतर गावकरी म्हणाले, दारापुढचा छज्जा चार फुटांचा आहे तो सहा फूट करा. मी हो म्हटलं. नव्या फोल्डरमधल्या तक्त्यात सळई दहा मिलिमीटरची होती ती बाराची केली, आणि दोन सळयांमधलं अंतर आठ इंचांचं चार इंच केलं. ताईंनी छज्जा सहा फुटांचा काढला. लिंक अपडेट केली. नकाशा छापून माझ्यासमोर आला आणि मी सही केली. लोखंडाचा तक्ता वाचला का? नाही. माझाच तक्ता, मीच केलेला, तो काय वाचायचा, असं मला वाटलं.

नकाशात दहाची सळई आणि आठ इंचच राहिलं होतं. छज्जाचं काँक्रीट भरलं, तेवीस दिवस झाले, आणि टेकू काढताना तो खाली आला. खाली सेंट्रिंगचे मिस्त्री होते, जानराव. कलाबाईंचे यजमान.

चौकशी झाली. ताईंना विचारलं, तुम्ही बटण दाबलं होतं का? ताई म्हणाल्या, “दाबलं होतं. रोज दाबते.” चौकशीचे साहेब म्हणाले, दाबल्याची काही नोंद असते का? ताईंना माहीत नव्हतं. मग माझ्याकडे वळून विचारलं. मी म्हणालो, “नोंद नसते. लिंक अपडेट करणं ही आरेखकाची जबाबदारी आहे.” दुसरं वाक्य अगदी नियमाला धरून होतं. पहिलं मी न तपासता बोललो. अहवालात ताईंचं नाव लागलं, आणि मी खाली मान घालून चहा प्यायलो.

त्यानंतर ताईंना स्कॅनिंगच्या टेबलावर बसवलं. नकाशाचं काम आलंच तर त्या आरोहीला हाक मारायच्या. आरोही ही आमची नवी मुलगी, ताईंचं काम आता तिच्याकडे आहे. ताई म्हणायच्या, “आरोही, इकडे ये. बघ, मी दाबतेय. दाबलं. पाहिलंस ना?” दिवसातून दहा वेळा. आम्ही हसायचो. मीही हसलो आहे. तीस वर्षांच्या अनुभवाची बाई स्वतःच्या बोटावरचा विश्वास गमावून बसली होती आणि आम्हाला त्यात विनोद दिसत होता. मला त्याची लाज वाटते.

ताई जानेफळला कलाबाईंना भेटायला गेल्या, तेव्हा सोबत आरोही होती. तिनेच मला सांगितलं. कलाबाईंनी विचारलं, “बाई, तुमीच का नकाशा काढनाऱ्या? सळया कमी कोनं लिवल्या?” ताई म्हणाल्या, “मी.” आणि रडायला लागल्या. कलाबाई म्हणाल्या, “मानूस माहा गेला, अन् तुमी काऊन रडून राह्यल्या? बसा. च्या ठेवतो.” तेव्हापासून ताई दर महिन्याला जातात.

पंधरा दिवसांपूर्वी आरोही माझ्याकडे आली. एका पाण्याच्या टाकीचं काम होतं, तेही त्याच दसऱ्याला नव्या फोल्डरमध्ये आलेलं, मध्ये रखडलेलं. म्हणाली, “सर, आकडा बदलला, अपडेट केलं, एरर काहीच येत नाही. पण नकाशात जुनाच आकडा दिसून राह्यला.” आम्ही एकेक तपासलं. फाइल सेव्ह केली आहे का? केली आहे. दुसऱ्या कुणाकडे उघडी आहे का? नाही. लिंक तुटली आहे का? तीही नाही. मग तिने लिंकचा तपशील उघडला, जो मी कधीच उघडला नव्हता. लिंक कुठून आकडे घेते त्याचा पूर्ण पत्ता तिथे होता. पत्ता जुन्या फोल्डरचा होता. तिथे माझी न पुसलेली जुनी फाइल जशीच्या तशी बसली होती. ती नसती, तर लिंकने फाइल सापडत नाही म्हणून ओरड तरी केली असती.

आरोही जेवायला गेल्यावर मी समाजमंदिराचा नकाशा उघडला. तिथेही तोच जुना पत्ता. आणि त्याखाली एक ओळ होती. शेवटचं अपडेट, नकाशा छापला त्याच तारखेचं, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. यशस्वी. नोंद असते, मंडळी. ती दोन वर्षं त्या पडद्यामागेच होती.

गणेशराव, हे तुम्हाला आधी सांगितलं असतं तर आजचं भाषण दुसऱ्या कुणाला मिळालं असतं, म्हणून सांगितलं नाही. त्या ओळीची छापील प्रत आणि माझा लेखी जबाब आज सकाळी मी चौकशी कार्यालयात देऊन आलो. पुढे जे होईल ते माझं होईल. मानपत्रात मी एक वाक्य घातलं होतं, ‘झालेली चूक ताईंनी मोठ्या मनाने स्वीकारली.’ ते मी पेनाने खोडलं आहे. त्यासाठी फ्रेमची काच काढून परत बसवली, ती थोडी तिरकी बसली आहे.

मला बोलायची संधी दिली याबद्दल आयोजकांचा आभारी आहे. आपण शांतपणे ऐकलंत, आपलेही आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घालावं, पण ते बोलण्यापुरतंच. बाकीची माफी मी इथून मागणार नाही. कलाबाईंना एवढ्या लोकांत उत्तर द्यायला लावणं बरं नाही. मी जानेफळला येईन, त्या बसा म्हणाल्या तर बसेन.

आणि ताई, आता आरोहीला हाक मारायची गरज नाही. तुम्ही बटण दाबलं होतं. साक्षीला मी आहे.