सगळ्यांना एकच पट्टी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आणि आमच्या गायन विभागाचे मावळते प्रमुख, म्हणजे आम्हा सगळ्यांचे सर, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी, शेजारच्या खुर्च्यांवरचे तिन्ही परीक्षक, माझे सहकारी, आणि खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले आमचे विद्यार्थी,

आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालक आत्ताच माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, चार गोड शब्द हं." चारच आहेत माझ्याकडे, तेव्हा आधी तेच बोलून टाकते. सर वक्तशीर आहेत. सरांच्या काळात रियाजाच्या खोल्यांची छतं गळायची थांबली. दारांना जाड अस्तर लागलं, त्यामुळे एकाचा राग दुसऱ्याच्या रागात घुसायचा बंद झाला. आणि सरांनी कधी कोणाला अरेतुरे केलं नाही. हे सगळं खरं आहे, मनापासून सांगते. संपले गोड शब्द.

आता बाहेरच्या पाहुण्यांसाठी थोडं समजावून सांगते. प्रत्येक गळ्याचा सा वेगळ्या जागी बसतो. कोणाचा उंच, कोणाचा खाली. त्या जागेला आम्ही पट्टी म्हणतो. गाणारा समोर आला की आधी त्याची पट्टी विचारायची, तानपुरा तिथे लावायचा, तबला तिथे मिळवायचा, आणि मग गाणं. गाण्याच्या क्लासला कालपरवा आलेल्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण मूल्यमापनाच्या दिवशी दर मुलीमागे तबला ठोकत बसण्यात वेळ जायचा आणि परीक्षकांचं जेवण लांबायचं. हसू नका, कारण खरंच एवढंच होतं. मग सरांनी नियम काढला. सगळ्या मुलींना काळी पाच, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवर सा. तानपुऱ्याचं मशीन सकाळी एकदा लावायचं, आणि कोणी पट्टी बदलू नये म्हणून त्याच्या पट्टीच्या बटणावर खाकी टेप मारायची.

बैठकीत मी विरोध केला. सर अगदी शांतपणे म्हणाले, "मॅडम, परीक्षेत सगळ्यांना समान न्याय हवा." मी म्हटलं, "मग सर, धावण्याच्या शर्यतीत सगळ्यांना एकाच मापाचे बूट देऊया का?" इतिवृत्तात माझ्या या वाक्याचं 'साधकबाधक चर्चा झाली' असं झालं.

बहुतेक मुलींनी ओढूनताणून निभावून नेलं. एकीला ते जमणार नव्हतं. ती माझी विद्यार्थिनी. तिला वर्गात सगळे 'काका' म्हणतात. आवाजच तसा, भरदार, खालचा. फोन उचलला की पलीकडचा माणूस "काका, जरा घरात कोणाला तरी द्या ना" म्हणतो, आणि ही त्याच आवाजात "देतो हं" म्हणून स्वतःच बोलत बसते. तिची पट्टी पांढरी चार. काळी पाचच्या किती खाली, ते पेटी वाजवणाऱ्यांना विचारा. परीक्षा त्या उंच पट्टीत म्हणून पोरीनं वर्षभर रियाजही तिथेच केला. गळा बसायला लागला. डॉक्टरांनी स्वरयंत्राला सूज आल्याचं सांगितलं. म्हणाले, असंच ओढत राहिलीस तर हा आवाज परत येणार नाही. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मी सरांकडे गेले. सर म्हणाले, "एकीसाठी नियम वाकवला तर उद्या सगळ्या चिठ्ठ्या आणतील." सर, मी तुम्हाला आज भर सभेत विचारते, आणल्या असत्या तर काय बिघडलं असतं? तबला पुन्हा मिळवावा लागला असता, इतकंच ना?

मूल्यमापनाच्या दिवशी आपला विद्यार्थी असला की शिक्षकाला आत बसता येत नाही. मी दाराच्या काचेशी उभी होते. काकानं नियमाप्रमाणे सुरुवात केली. मधल्या सप्तकात कसाबसा तग धरला. वरच्या 'सा'कडे निघाली आणि आवाज फाटला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा फाटला. तेव्हा तिनं हात लांब करून मशीन बंद केलं, तबलजींना हात जोडले, डोळे मिटले आणि आपल्या पांढरी चारमध्ये, कसल्याही साथीविना, नुसता आलाप सुरू केला.

काय सांगू तुम्हाला! जाड अस्तराच्या दारांतूनही तो आवाज पोचला आणि रियाजाच्या खोल्यांतून पोरं बाहेर आली. आत कोणाच्या हातातलं पेन हलेना. मधल्या खुर्चीवरच्या परीक्षकांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी पाहिलंय, महाराज, मान खाली घालू नका, डोळे पुसणं यात लाजण्यासारखं काही नाही. लाज वाटायला हवी ती पुढच्या गोष्टीची. डोळे पुसून झाले, चष्मा चढवला आणि त्याच हातानं तुम्ही तिला नापास केलंत! कारण काय, तर वाद्यांची साथ सोडली. मूल्यमापनात नापास, म्हणून पुढच्या आठवड्यातल्या पदवी मैफलीत तिला जागा नाही. मैफल नाही म्हणजे पदवी नाही.

तिची आई आज शेवटच्या रांगेत बसली आहे. शिवणकाम करते. त्या दिवशी माझ्या घरी आली, पाण्याचा घोटही घेतला नाही, म्हणाली, "मॅडम, खरं सांगा, पोरीचा आवाज वाईट आहे का हो?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अजून होतोय, हे तुम्हाला दिसतंच आहे.

आणि आता या सगळ्यावरचा कळस ऐका. या समारंभाची तयारी सुरू झाली. शेवटी कोणीतरी गायला हवं. कोण गाणार? समितीत एका सुरात सगळे म्हणाले, काका! आणि सर, तुम्हीसुद्धा म्हणालात, "तिलाच गाऊ द्या, तिचा आवाज आत कुठेतरी जातो." जातो ना? मग तो आत जाणारा आवाज नापास कसा झाला? परीक्षेला नालायक आणि तुमच्या निरोपाला लायक, हा कुठला समान न्याय?

सूत्रसंचालक मघापासून घड्याळ दाखवताहेत. दाखवू द्या. नव्या प्रमुखांनी मला सांगितलंय, आधीच्यांचा निकाल मी बदलणार नाही. म्हणजे निकाल बदलायचा तर तो आज, सरांच्या खुर्चीचा शेवटचा दिवस मावळायच्या आत.

समितीनं बोलण्याची संधी दिली, तिचे आभार. बहुधा पुन्हा देणार नाही. आपण सगळ्यांनी इतका वेळ चुळबुळ न करता ऐकून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे. वहिनी, तुमच्या आनंदाच्या दिवशी मी मिठाचा खडा टाकला, तेवढ्यासाठी मला माफ करा. बोलण्यात शब्द कमीजास्त झाला असेल तर इतरांनीही पदरात घ्यावं.

सर, ती पडद्यामागे उभी आहे. मघाशी मला विचारत होती, "मॅडम, मशीन कशात लावू?" मी तिला म्हटलं, नियम सरांचा आहे, सरांनाच विचारू. तुम्ही पांढरी चार म्हणालात, तर तो नियम आज इथे, सगळ्यांसमोर मोडला, आणि पुढच्या आठवड्यात ती मैफलीला बसेल. काळी पाच म्हणालात, तर मी तिला घरी घेऊन जाईन. तो गळा फाटेपर्यंत ताणून तुमचा सत्कार मी होऊ देणार नाही.

हा माईक घ्या. बोला सर, कुठली पट्टी?