डावीकडे वळलं की

सायकलवाली : काकू, परत एकदा सांगा. गिअर नेमका कधी निसटतो?

काकू : अगं, त्याच्या मनात येईल तेव्हा! मी खटका दाबत नाही, काही नाही. चांगली चाललेली असते, अन् एकदम पेडल हलकं होतं. पाय असे भिरभिर फिरतात, की बघणाऱ्याला वाटावं बाईला कुणी चावी दिलीये. दोन क्षणांत परत जड.

काका : मी हिला सांगितलं, तू खटक्याशी खेळतेस.

काकू : मी खेळत नाही. साठ वर्षांची आहे मी.

काका : एकसष्ट.

सायकलवाली : काका, तुम्ही त्या स्टुलावर बसता का जरा? हां. आता बघा काकू, स्टँडवर टांगलीये. पेडल फिरवते, गिअर बदलते. एक, दोन, तीन, चार... सात. परत खाली. कुठे अडतेय?

काकू : तुझ्यासमोर शहाण्यासारखी वागतेय. माझी नातवंडं पाहुण्यांसमोर अशीच वागतात.

सायकलवाली : घाई आहे का तुम्हाला?

काकू : आहे तर! आठ वाजता टेकडीच्या पायथ्याशी आमचा सायकलचा ग्रुप जमतोय. मागचे तीन रविवार मी पहिल्याच वळणावर उतरले. आज उतरले तर कॅप्टन मला सपाटीवाल्यांच्यात टाकणार.

सायकलवाली : मग सपाटीवाले काय करतात?

काकू : तळ्याला एक चक्कर मारतात आणि तासभर बसून एकमेकांना आजारपणं सांगतात. मला नकोत ती. माझी मला पुरेत.

काका : तळं काय वाईट आहे? सावली असते.

काकू : तुम्ही स्टुलावर आहात ना? मग स्टुलावरच राहा.

सायकलवाली : चेन नवी आहे. मागच्या चकत्या सरळ. हे दोन स्क्रू मी लावले होते तसेच आहेत. काकू, कुठे कुठे झालं ते आठवतंय?

काकू : पहिल्यांदा पोस्टासमोर. मग दवाखान्याच्या कोपऱ्यावर. टेकडीच्या पहिल्या वळणावर तर दर वेळी. आणि माझ्या धाकट्या जावेच्या दारात.

काका : तिच्या दारात माझाही गिअर निसटतो.

सायकलवाली : आणि तिकडून परत येताना?

काकू : येताना... नाही गं. येताना कधीच नाही. जाताना होतं.

सायकलवाली : थांबा. घरून निघालात की पोस्टापाशी कुठे वळता?

काकू : डावीकडे.

सायकलवाली : दवाखाना?

काकू : डावीकडेच. जावेचं घरही डावीकडे. आणि टेकडीचं वळण... अगंबाई!

काका : योगायोग असतात जगात.

सायकलवाली : मी पेडल फिरवते, काकू, तुम्ही हँडल वळवा. उजवीकडे. काही नाही. आता डावीकडे...

काकू : चढली! चेन आपली आपण वरच्या चकतीवर चढली! खटक्याला कुणी बोटसुद्धा लावलं नाही!

सायकलवाली : तो टॉर्च द्या बरं. अरे देवा. ही गिअरची केबल अशी कुणी आवळलीये? हँडलपासून दांड्यापर्यंत सैल कमान हवी. इथे तर ठिकठिकाणी पट्ट्या मारून दांड्याला जखडून टाकलीये. डावीकडे वळलं की केबल ताणली जाते आणि गिअर बदलतो.

काकू : तुझ्या दुकानातूनच अशी आली असेल.

सायकलवाली : छे! माझ्या हातची नाही ही.

काका : पण बांधलीये कशी ते बघ की. पट्ट्या सगळ्या सारख्या अंतरावर.

सायकलवाली : ते मात्र खरं.

काका : चार बोटं, मोजून. टोकं आतल्या अंगाला वळवलेली, हाताला ओरखडा येत नाही. हल्ली कुणी एवढं करत नाही.

सायकलवाली : काका...

काका : मी आपलं एकूणात बोलतोय.

काकू : अहो.

काका : काय?

काकू : चाळीस वर्षं वायरमन होतात. घरातल्या पंख्याची वायर, टीव्हीची वायर, सगळ्या भिंतीला चिकटवून झाल्या. माझा चार्जर तर असा ठोकलात की मला फोनवर उभ्यानं बोलावं लागतं.

काका : लोंबती वायर मला बघवत नाही.

काकू : तीन रविवार! तीन रविवार त्या कॅप्टनसमोर सायकल ढकलत नेली मी. आणि घरी आले की तुमचं आपलं, 'काय गं, आज जमलं का?'

काका : मला कुठे माहीत होतं त्यानं गिअर बिघडतो म्हणून! माहीत असतं तर...

काकू : तर?

काका : तर दोन बोटं ढील ठेवली असती.

सायकलवाली : कापू का?

काका : सगळ्या?

सायकलवाली : पुढच्या तीन.

काका : थांब, मी तिकडे तोंड करतो. झालं?

सायकलवाली : झालं. वळवा काकू, डावीकडे. आणखी. बघा, हलतही नाही गिअर.

काकू : आता तरी बोला. कशाला केलंत हे?

काका : सायकल घेऊन गेलीस त्या पहिल्या दिवशी तू नऊला येते म्हणालीस आणि साडेअकराला आलीस. मी खिडकीत उभा. डोळ्यांसमोर ती लोंबती वायर, तुझ्या गुडघ्यात अडकलेली. भीती वाटते गं मला, दुसरं काय.

काकू : मग तसं म्हणायचं ना!

काका : म्हणायला नाही जमत. बांधायला जमतं.

काकू : ...पावणेआठ झाले. हेल्मेट द्या इकडे. त्याच्या पट्ट्याला नाही ना काही केलंत?

काका : टोकं वळवलीत फक्त.

काकू : निघाले मी.

काका : पोचलीस की फोन कर!

सायकलवाली : गेल्या त्या, काका. आता ऐकू नाही जायचं.

काका : चढाला किती वेळ लागतो?

सायकलवाली : त्यांना अर्धा तास धरा.

काका : मग बसतो इथेच. तुझ्या त्या दिव्याची वायर जरा...

सायकलवाली : हात लावायचा नाही.

काका : बघतोय नुसती.

(पाऊण तासानं फोन वाजतो.)

काका : हॅलो? कुठे आहेस?

काकू : वर! अगदी वर!

काका : मध्ये उतरलीस?

काकू : मी नाही. कॅप्टन उतरला.

काका : वा! बरं, आता निघ. सावकाश ये.

काकू : येते हो. बसू दे जरा. काय सुंदर वारा आहे इथे.

काका : किती वेळ बसणार?

काकू : काय माहीत.

काका : ...बरं.

सायकलवाली : काय म्हणाल्या काकू?

काका : बसलीये म्हणते. बसू दे.