तारलीच्या मयताला गेलेली माणसं

—नाही, नाही शौकतभाई, नमाज नाही पढली. कोण म्हणालं तुम्हाला, नूरुद्दीन? नूरुद्दीन त्या दिवशी तिकडे दुबईला होता, त्याला इथलं काय दिसणार. माशाला कुणी नमाज पढतं का—मी म्हातारा झालो, पण इतका नाही झालो. आम्ही नुसते मागून चाललो. चाललो, थोडे रडलो, वाळूत पुरली आणि परत आलो, खलास. तुम्ही चहा घ्या. मला कळतं ना, तुमचा मुनीर एकुलता एक, तुम्ही त्याच्यासाठी माझ्या रुकय्याचं बघायला म्हणून दुबईहून, देऱ्यातलं कापडाचं दुकान बंद ठेवून, एवढ्या वाळूतून, जीपमध्ये हाडं खिळखिळी करून उम्म अल कुवैनला आलात—आणि वाटेत कुणी सांगितलं की मुलीचा बाप माशाच्या मयताला गेला होता. मी तुमच्या जागी असतो तर मी पण विचारलंच असतं. डोक्यावर परिणाम झालेल्याच्या घरातली मुलगी कोण करेल? पण परिणाम नाही झाला, शौकतभाई. आधी सगळं ऐका, मग काय ते ठरवा.

तो जोर्दी—गोरा, हो, पण इंग्रज नाही. स्पेनचा म्हणायचे ऑफिसातले, तो म्हणायचा नाही, मी कातालान. तेल शोधायला आलेल्या कंपनीच्या लाँचचं इंजिन बघायचा. मुनीर त्याच्याच वर्कशॉपमध्ये ना, त्यानेच त्याला पहिल्यांदा आमच्या खानावळीत आणलं. मग तो रोजचाच झाला. बार्सिलोनाच्या खाली समुद्रकाठी त्याचं गाव, बाप मच्छीमार—म्हणजे आपल्यासारखाच की. मी आयुष्यभर बोटीवर भंडारी म्हणून रांधलं, सगळ्या जातीच्या माणसांना जेवायला घातलं, मला भाषा लागत नाही. तो हाताने सांगायचा, मी हाताने समजायचो. आता चुकीचं समजलो, ते वेगळं.

तर थंडी सरत आली होती, एका गुरुवारी हा आला तो एक बाहुला घेऊन. गोणपाटात भुसा भरलेला, हा असा पोटाळ, डोक्यावर सिगारेटच्या चांदीचा मुकुट. आमच्या बाकावर त्याला बसवला आणि म्हणाला, राजा आया. त्याच्यापुढे ताट वाढायला लावलं. मी वाढलं—माझं काय जातं. मग रविवारी खिसे भरून गोळ्या आणल्या आणि जेवणाऱ्यांच्या अंगावर फेकायला लागला. मूठमूठ. लाँचवरच्या वलीच्या डोळ्याला लागली एक. आता तुम्हीच सांगा, डोक्याला चमचम बांधलेला एक जण बसलाय आणि लोकांवर गोड उधळतायत, तर आपण काय समजणार? निकाह. आपल्याकडे निकाहाला खारका उधळतात, त्यांच्यात गोळ्या उधळत असतील. पण नवरा गोणपाटाचा का? मीच म्हटलं सगळ्यांना—अरे, आपल्याकडे नाही होत का, नवरा आफ्रिकेत, नवरी दापोलीत, निकाह वकिलामार्फत? याच्या भावाचं लग्न असणार तिकडे. हा इथे अडकलाय, म्हणून नवऱ्याच्या जागी बाहुला बसवलाय. सगळ्यांना पटलं. शौकतभाई, ते पटण्यासारखंच होतं. रुकय्याच्या आईने, हमीदाने, गोड भात केला. जोर्दी दोनदा मागून जेवला आणि आम्ही एकेकाने उठून त्याला मुबारकबाद दिली, तर तो प्रत्येकाला मिठी मारत सुटला.

आणि बुधवारी सकाळी दारात उभा. काळी पट्टी दंडाला, तोंड पाडलेलं. म्हणाला, राजा खलास.

काय वाटलं असेल आम्हाला, विचार करा. रविवारी लग्न झालं आणि बुधवारी गेला. ती पोरगी तिकडे, हातावरची मेंदी उतरली नसेल—त्यांच्यात मेंदी लावतात की नाही मला माहीत नाही, पण हमीदा तेच म्हणून रडायला लागली. आता मयताच्या घरी चूल पेटत नाही. जोर्दीचं घर कुठलं? तो जेवतो कुठे—आमच्यात. म्हणजे चूल आमची. मी पाणी ओतलं चुलीवर. सगळी लाँचवरची माणसं, वर्कशॉपची माणसं उपाशी, पण एक जण कुरकुरला नाही. शेजारचा याकूब, तो बलुची रोटीवाला, त्याने ऐकलं आणि टोपली भरून रोट्या पाठवल्या मयताच्या घरासाठी म्हणून. जोर्दीला समजेना, चूल का बंद, सगळे त्याच्या खांद्यावर हात का ठेवतायत. हसत होता मेला. मला वाटलं, धक्का बसलाय. असं होतं काही जणांचं.

संध्याकाळी तो साबणाची पेटी घेऊन आला. वर काळा कपडा, आत एक तारली. एकच. इथे तारली वाळवून उंटांना घालतात, आणि याने तिला कापसावर निजवलेली. वली माझ्याकडे बघतो, मी वलीकडे. मग मीच म्हटलं, अरे, निकाहाला नवऱ्याच्या जागी बाहुला होता ना, मग मयत तिकडे असताना मयताच्या जागी काहीतरी लागणारच. कोळ्याचं घर, मासा ठेवला. बाहुल्याचं पटलं होतं, त्यामुळे हे पण पटलं. उचलली पेटी, निघालो किनाऱ्याकडे. मध्येच जोर्दी थांबला, एका पिंपावर चढला आणि मरणाऱ्या राजाने कुणाला काय ठेवलं ते सांगायला लागला—त्यांची पद्धत आहे ती, मोठ्या माणसांची उणी काढायची. मॅनेजरला म्हणे राजाने आपली झोप ठेवली, कारण तो ऑफिसात झोपतो. मला मीठ ठेवलं, माझं कालवण अळणी म्हणून. आणि देऱ्यातल्या कापडवाल्याला वार मोजायची पट्टी ठेवली, पुऱ्या मापाची, म्हणजे त्याच्याकडे एक तरी—आता तो कापडवाला कुणीही असेल शौकतभाई. देऱ्यात काय कापडवाले थोडे आहेत? जोर्दी कधी देऱ्याला गेलाच नाही. त्याला कुणी सांगितलं, मला काय माहीत. तुमच्या मुनीरने हिंदी शिकवली त्याला, पण शिकवणारा काय जबाबदार—

असो. मुनीर बिचारा रडण्यात होता. त्यांच्यात राजाच्या मागे विधवा लागतात, मोठ्याने रडणाऱ्या, आणि पुरुषच बायकांचे कपडे घालून ते करतात. जोर्दीने विचारलं, कोण होणार? कुणी तयार होईना. आपले लोक लाजतात. मुनीर म्हणाला, मी. आणि काय रडला, शौकतभाई. काळ्या बुरख्यात, छाती पिटून. वाटेवरच्या अरब बायका थांबून त्याला पाणी द्यायला लागल्या. तुमच्या मुलाची बदनामी नाही झाली हां, तोंड झाकलेलं होतं, कुणी ओळखलं नाही. बुरखा? बुरखा आमच्याच घरातला, हमीदाचा. म्हणजे—हमीदाचा नाही, हमीदाचा त्याला गुडघ्यापर्यंत आला असता. ती बुटकी आहे. त्याला तर बरोबर घोट्यापर्यंत येत होता. खालची शिलाई उसवून लांब करून दिलेला, मापात अगदी—

चहा गार झाला का तुमचा?

माप कसं कळलं ते मी विचारलं नाही रुकय्याला. मागच्या दाराने दिला एवढं मला कळलं, ते पण नंतर. माझी मुलगी तशी नाही, शौकतभाई. तुमचा मुलगा पण तसा नाही. उधार घेतला, धुऊन परत केला.

पुढचं ऐका, ते नूरुद्दीनने नसेल सांगितलं. वाळूत खड्डा केला, पेटी ठेवली. वली ढसाढसा रडत होता. त्याचा बाप गेला तेव्हा हा लाँचवर होता, माती द्यायला मिळाली नव्हती—आता इथे कुणाची तशी गोष्ट नाही? सगळेच आपापलं रडून घेत होते. आणि जोर्दीचं हसणं थांबलं. एकेकाचं तोंड बघत गेला आणि खाली बसला वाळूत. मग मुनीरने त्याच्याकडून हळूहळू सगळं आमच्यासमोर वदवून घेतलं. भाऊ नव्हताच. लग्न नव्हतंच. त्यांचा सण तो, राजा दर वर्षी येतो, खातो-पितो, सोंगं काढतो आणि मरतो, मासा पुरतात आणि त्यांचे रोजे लागतात. सरकारने बंद केलाय तिकडे, तरी त्याच्या गावात दुसरं नाव देऊन करतात. याला वाटलं, आपण इथे करावा, चार माणसं हसतील. कुणीच हसलं नाही. आणि मग म्हणाला, आई मागच्या वर्षी गेली. बोटीवर होतो. कुणी रोटी आणून दिली नव्हती.

मग काय करायचं होतं आम्ही, उठून हसायचं? लोटली वाळू. घरी आलो, चूल दुसऱ्या दिवशीच पेटवली.

झालं, हे एवढं आहे. आता तुम्हाला सरळ सांगतो. तुमचा निरोप आला तेव्हा मी हमीदाला म्हटलं होतं, मुनीर नको, पोरगा टिवल्याबावल्या करणारा आहे. त्या संध्याकाळनंतर म्हटलं, चालेल. सगळं खोटं आहे हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं, जोर्दीने त्याला सांगितलं होतं—तरी शेवटी त्या माणसाला उठवून, बुरख्यातच, खांद्याला धरून त्याने घरी आणला. मी त्याला मुलगी देतो. हा माझा जवाब. तुमचा तुम्ही घरी जाऊन द्या, नाही दिलात तरी मी तोंड फिरवणार नाही. जीपवाला खोळंबलाय, यल्ला, उठा. अंधाराआधी देऱ्याला पोचाल.

उठत नाही? काय म्हणालात—जेवून जातो?

शौकतभाई, आपल्यात नकार द्यायला आलेला माणूस मुलीच्या घरचं जेवत नाही, ठाऊक आहे ना तुम्हाला? ठाऊक आहे म्हणता.

हमीदा, तांदूळ वाढव. जीपवाल्याला पण आत बोलाव. आणि मला आता कुणी काही विचारू नका, मी खूप बोललो.