माणिक सरांनी मला बडबडीला बसवलं

आज सरांच्या शोकसभेला सगळ्यात आधी कोण आलं म्हणाल, तर लोहाऱ्याची सानिका आन् तिचे वडील. सातच्या आत जीप दारात! आपलं येडशी गाव अजून चहाच पीत हुतं. असू द्या. मंडळी, तुमी एवढे जमलात आन् बोलायला मला उभं केलंय. दुसरी शिकलेली बाई मी. समूर माणिक सरांचा फोटो. कुठून सुरू करू? आन् सरांनी तर मला बोलायलाच ठेवलं हुतं!

ऐका. सर माझ्या नातीला, ऋतुजाला, शाळेमागं मुरमाच्या मैदानावर टेनिस शिकवायचे. एक दिस म्हणाले, "आजी, पोरीचा हात चांगला हाय, पण मन पळतंय. तुमी जाळीपाशी बसा आन् बोलत ऱ्हावा."

म्हटलं, "काय बोलू?"

"घरी बोलता तेच."

मंग काय! तिनं सर्व्हिसला बॉल वर फेकला की मी सुरू. "अगं, वेणी सुटली! मामाच्या पोराचं लगीन ठरलं! दूध उतू गेलं!" पहिले चार दिस सगळे बॉल बाभळीत. मंग हळूहळू तिला माझं ऐकूच यीना. सर खूश. आता घरातबी ऐकू यीना, त्याचं काय करायचं?

सर तिला सांगायचे, "बॉल चुकला की तो सोडून दे. समोरचीचे पाय बघ. ती जिथून निघाली तिथंच पुढचा मार." म्या म्हटलं, "सर, आमची एक भाकरी करपली तर आमी दिसभर तिचंच बोलतो." तर म्हणाले, "म्हणून तुमाला शिकवत न्हाय, आजी."

पण चूक झाली माझी. मला वाटलं, खऱ्या मॅचलाबी बोलायचं असतंय. मागल्या साली ह्याच सानिकासंगं मॅच हुती. म्या लावली टकळी. आमच्या पोरीला काय फरक न्हाय, आन् ती बिचारी सानिका माझ्या जावेच्या भांडणात अडकली! तीन सर्व्हिस जाळीत. मी टाळ्या पिटतेय, तवर सर पंचाकडं गेले. "ही आमची चूक. हा गेम पुन्हा खेळवा." आन् मला हाताला धरून गेटाबाहेर काढलं! ऋतुजा तो गेम हरली, मॅचबी हरली. मी रडले. सर न्हाय रडले. त्यांना असलं जिंकणं नको हुतं.

ह्या साली पुन्हा त्याच दोघी, आपल्या मैदानावर. जिंकंल ती जिल्ह्याकडून खेळणार. दोघींचा एकएक सेट झाला आन् दवाखान्यातनं सर गेल्याची बातमी आली. मॅच तिथंच थांबली. तवापासून ऋतुजा म्हणते, सर न्हायत तर मी खेळत न्हाय. चार दिस झाले, रॅकेट खुंटीला.

सकाळी सानिकाच्या वडलांनी हळूच इचारलं, "मंग आमचं नाव पाठवायचं का?" तर सानिकाच त्यांच्यावर वसकली. "न खेळता? म्या न्हाय जायची!"

आता मी इथं सगळ्यांदेखत इचारते. ऋतुजा, काय करतीस? बोल की गं. व्हय का न्हाय?

...काय म्हणाली? मोठ्यानं बोल.

"आजी, चार दिस मैदानाला पाणी मारलं न्हाय."

ऐकलंत, मंडळी? उठा आता. सरांसाठी दोन मिनिटं गप उभं ऱ्हाऊ. मीबी ऱ्हाते. मंग समद्यांनी घागरी घेऊन मैदानावर चला. लोहाऱ्याची मंडळी रविवारी उरलेला सेट खेळायला येतो म्हणत्यात.