ओहोटीचं माप

किनाऱ्यावरची घरं टेकडीवर हलवायची म्हणून कचेरीत अर्ज घेत होते. रांगेत माझ्यापुढे एक मच्छीमार आणि त्याची बायको. कारकुनाने नुकताच त्यांचा अर्ज परत केला होता, आणि बायको नवऱ्याला विचारत होती.

"पन्नास मीटरच्या आत घर असेल, तरच टेकडीवर जागा मिळते. तुम्ही समुद्र किती लांब लिहिलात?"

"दोनशे दहा."

"अहो, आपल्या पायरीवर बसून पाय धुता येतात!"

"टेप लावून मोजलंय मी. अंदाजपंचे नाही."

"कधी मोजलंत?"

"अमावास्येला. पाणी पार उतरलं तेव्हा."

"जन्म होडीत गेला तुमचा, आणि मोजायला ऐन ओहोटीच सापडली? भरतीला मोजायचं होतं."

"भरतीला कुठून मोजू? समुद्र स्वयंपाकघरात असतो आणि मी टेबलावर."

"मग तसंच लिहायचं ना!"

"तसं लिहिलं असतं, तर जागा मिळाली असती."

"अगबाई! म्हणजे मुद्दाम?"

"टेकडीवरून होडी दिसत नाही गं."

"लेक पुढच्या महिन्यात बाळंतपणाला येतेय. बाळाला कुठे निजवू? माळ्यावर?"

"पेन दे. किती लिहू?"

"शून्य."

"शून्य नको. दोन लिहितो. समुद्र झाला म्हणून काय, इतकं खेटून राहिलेलं बरं दिसत नाही."