रिकामा रकाना

नाही नाही मॅडम, तिथे नको — खिडकीजवळचं ते एक टेबल सोडा, बाकी सगळं रेस्टॉरंट तुमचंच आहे. तुम्हाला आत घेतलं हेच मालकांना कळलं तर माझी हजेरी घेतील, ब्रंच दहाला सुरू होतो आणि आत्ता कुठे साडेनऊ — पण बाहेर एवढ्या गारठ्यात बॅग घेऊन उभं राहायचं म्हणजे काय! बसा. गाडी दुपारची आहे म्हणता, मग घाई कसली? कॉफी आणतो. आणि हो, खाण्यातलं काही वर्ज्य? दूध, अंडं, मासळी, तीळ, दाणे? नाही? नक्की? लहानपणी कधी काही खाऊन अंगावर पुरळ, घसा सुजणं, असलं काही? आठवून सांगा, मी थांबतो. नाही ना — बरं, मग तसं लिहितो. हे बघा, तुमच्यासमोर लिहितो, 'काही नाही' असंसुद्धा लिहितो मी. हसा, हसा. तिसऱ्यांदा विचारलं, मला माहिताय. इथले सगळेच हसतात, पाठीमागे मला 'कारकून' म्हणतात, त्यांना वाटतं मला ऐकू येत नाही.

पूर्वी मी अक्षरही लिहीत नसे. खोटं नाही सांगत — एकोणीस वर्षं इथे वाढतोय, त्यातली सतरा कागदाविना. अकरा जणांचं टेबल असू दे, एकाला ऑम्लेट मऊ, एकाला करपलेलं, एकाला टोस्टच्या कडा काढून, एकीला सॉस वेगळ्या वाटीत — हात मागे बांधून ऐकायचं, मान डोलवायची, आणि आत जाऊन घडाघडा म्हणायचं. लोक मुद्दाम परीक्षा घ्यायचे हो! मधेच ऑर्डर बदलायचे, माझा चेहरा बघायचे. आणि मी कधी चुकलो? एकदाही नाही. मालक पाहुण्यांना अभिमानाने दाखवायचे मला, पोपट दाखवावा तसा. नवी वेटर मंडळी वही काढायला लागली की मी म्हणायचो, ज्याला लिहावं लागतं त्याने पोस्टात नोकरी करावी. मोठा आलो होतो! गर्वाचं घर खाली म्हणतात ना — पण गंमत अशी की ते घर माझ्या डोक्यावर नाही पडलं. दुसऱ्याच्याच पडलं.

ते टेबल ना? ते साहेबांचं. येतीलच आता, दहाला पाच कमी असताना दार ढकलतात. पूर्वी दोघं यायचे, साहेब आणि बाई, दर रविवारी, बारा वर्षं. बाईंचा चष्मा निळ्या काड्यांचा, गळ्यात साखळीला अडकवलेला, आणि सारखा तोच शोधायच्या — साहेब म्हणायचे, "गळ्यात बघ." दर रविवारी! आणि दर रविवारी दोघं हसायचे, जणू पहिल्यांदाच झालं. बाईंना अक्रोड चालायचा नाही. चालायचा नाही म्हणजे साधं नाही, जिवावरचं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "अक्रोडाचं आणि माझं मागच्या जन्मीचं वैर आहे हो, नुसती पूड गेली तरी संपलं." मी म्हटलं, बाई, एकदा सांगितलंत, आता मरेपर्यंत — असंच म्हणालो मी. मरेपर्यंत सांगावं लागणार नाही म्हणालो. आणि नाही लागलं. सकाळच्या किचनला मी असं शिकवून ठेवलं होतं की बाई दारात दिसल्या की अक्रोडाची बरणी वरच्या फळीवर जायची, कुणी न सांगता. कुठे काही लिहिलेलं नव्हतं. लिहायचं कशाला? घरच्या माणसाचं पथ्य कुणी भिंतीवर लिहितं का?

आता इथली रीत सांगतो, म्हणजे कळेल. ब्रंचचं किचन वेगळं आणि डिनरचं वेगळं. जागा तीच, शेगड्या त्याच, पण आमची सकाळची मंडळी साडेचारला जाते आणि संध्याकाळची येते — एका घरात सासू-सुनेच्या दोन चुली, तशातली गत. त्यांची बरणी आम्ही हलवली तर तोंड वाकडं, आमचा सुरा त्यांनी घेतला तर आमचं. दोघांच्या मध्ये फक्त एक रजिस्टर, त्या काउंटरवरचं. नाव, माणसं, वेळ, टेबल, आणि शेवटचा रकाना सूचनांचा. रकाना रिकामा, म्हणजे गिऱ्हाइकाने काही सांगितलेलं नाही. रात्रीचा कुक तेवढंच बघतो. त्याने दुसरं बघावं तरी काय, त्याने बाईंना जन्मात पाहिलेलं नाही.

तर बाईंचा फोन आला. शुक्रवार, दुपारी एकचा सुमार, सगळी टेबलं भरलेली, माझ्या एका हातावर तीन प्लेटा, फोन खांद्यात धरलेला. म्हणाल्या, "आज लग्नाला चाळीस वर्षं झाली, आज संध्याकाळी येतो, दिवे लागल्यावर तुमची जागा कशी दिसते ते कधी बघितलंच नाही." साडेसात, दोन माणसं, खिडकी. तेवढं लिहिलं मी, डाव्या हाताने, वेडंवाकडं. मग म्हणाल्या, "आणि ते तुमच्या लक्षात आहे ना?" आणि मी म्हटलं — हसत म्हटलं हो — "बाई, मला विचारता? निश्चिंत या, मी आत सांगून ठेवतो." पेन हातातच होतं. एक शब्द, तीन अक्षरं, रकाना तिथेच समोर. पण मी बाईंचा अक्रोड लिहायचा? मी? अपमान वाटला मला. कुक आला की तोंडी सांगू म्हटलं. कुकला त्या दिवशी उशीर झाला, साडेपाच वाजून गेले, माझे पाय भरून आले होते, बूट काढून पाय पसरावेसे वाटत होते. कारण बिरण काही मोठं नव्हतं. गेलो घरी.

माशावरच्या सॉसमध्ये होती. अक्रोडाची पूड. तुम्ही कॉफी घ्या, गार होतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी मला त्या काउंटरपाशी बोलावलं. रजिस्टर उघडं, माझं अक्षर, रकाना कोरा. म्हणाले, "फोनवर बाई काही बोलल्या होत्या का?" रागाने नाही विचारलं, थकून विचारलं, रात्रभर हॉस्पिटलात होता माणूस. मी म्हटलं, "नाही." झालं. तेवढाच एक शब्द. आणि त्यांनी रजिस्टर मिटलं. कुणी परत विचारलं नाही, ना मालकांनी, ना चौकशीला आलेल्या पोलिसांनी — एकोणीस वर्षांचा, म्हणजे तेव्हा सतरा वर्षांचा, विश्वासू माणूस, कधी चुकला नाही! सुंठीवाचून खोकला गेला. असं वाटलं मला, ताई, खरंच तसं वाटलं — देव करो नि पुन्हा असं कधी न वाटो.

मग महिन्याभराने साहेब आले. एकटे. मला वाटलं जागा बदलतील, शहर बदलतील — पण नाही, तेच टेबल, दोघांची मांडणी. आणि मलाच सांगितलं त्यांनी, हात धरून सांगितलं, की त्या संध्याकाळी गाडीत त्यांचं भांडण झालं होतं. कशावरून? पार्किंग. इथे लाव, तिथे लाव. चाळीस वर्षांच्या लग्नाचा वाढदिवस आणि पार्किंगवरून अबोला! एरवी दुसरीकडे कुठेही जेवायला गेले की टेबलावर बसल्या बसल्या साहेब बाईंना विचारायचे, "सांगितलंस ना आत?" त्या दिवशी रागात विचारलं नाही. आणि त्यांना वाटतं, त्याच रागात बाईही सांगायला विसरल्या. दर रविवारी म्हणतात, "जन्मात विसरली नाही हो, माझ्यामुळे विसरली." कधी कधी बाईंवरच चिडतात — समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून, "वेडे, सांगायला काय झालं होतं तुला?" आणि मी पाणी ओततो. दोन वर्षं पाणी ओततोय मी. बाई गप्प का बसल्या होत्या ते मला माहिताय. मी सांगतो म्हणालो होतो म्हणून गप्प बसल्या होत्या. माझ्या भरवशावर.

ती खुर्ची — तुम्ही वेड्यात काढाल — मी शनिवारी बंद करताना आत सारून जातो, टेबलाला टेकवून. रविवारी येतो तर जराशी बाहेर असते, बाई पर्स ठेवायला ओढायच्या तेवढीच. झाडूवाल्या मावशी म्हणतात, "मी हात लावत नाही हो तिला." चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. पण दुपारी एकला फोन वाजला की मी उचलत नाही. कुणीतरी उचला रे म्हणून ओरडतो. कारण उचलला तर कुणीही बोलत असो, आधी तेच ऐकू येतं, ते तुमच्या लक्षात आहे ना. अगदी हसऱ्या आवाजात. रागावून तरी विचारा ना बाई!

आज शेवटचा रविवार. साहेब मुलीकडे चाललेत, समुद्रापलीकडे, कायमचे. काल मीच त्यांना फोन केला, म्हटलं, उद्या नक्की या, तुम्हाला एक सांगायचंय. सांगणार आहे मी. रात्री आरशासमोर उभं राहून म्हणून बघितलं — साहेब, बाई विसरल्या नव्हत्या, त्यांनी सांगितलं होतं, विसरलो मी. एवढंच. तीन वाक्यं. बायको आतून म्हणाली, कुणाशी बोलताय?

काय म्हणालात? हो, चूक कुणाचीही होते. विसरतो माणूस, बरोबर आहे. पण —

नाही, ते तसं नाही. आता एवढं बोललोच आहे तर. मी विसरलो नव्हतो, ताई. बसस्टॉपवर आठवलं मला. सहाला. दीड तास होता हातात. फोन खिशातून काढला, नंबर काढला, आणि वाटलं — आता फोन करून सांगायचं म्हणजे कुक म्हणणार, काय हो, तुम्हीसुद्धा विसरता? उद्या सगळ्या स्टाफमध्ये होणार. आणि बाई काय, तिथे गेल्यावर सांगतीलच की स्वतः. तेवढ्यात बस आली. बसायला जागा मिळाली, खिडकीची. त्या जागेचा आनंद झाला मला. विसरलं कुणीच नव्हतं. बाई नाही, मी नाही.

हे बायकोला माहीत नाही. मालकांना नाही. तुम्हाला का सांगितलं कोण जाणे — तुमची गाडी दुपारची, परत कशाला याल तुम्ही इकडे. पण बरं वाटलं बघा. छातीवरची फरशी कुणी उचलावी तसं. दोन वर्षांत पहिल्यांदा श्वास पुरा आत गेला. खरंच, किती सोपं होतं! सांगायचं होतं, सांगून झालं. आता — आता त्या म्हाताऱ्या माणसाला या वयात, विमानात बसायच्या आदल्या दिवशी — नाही का? त्याने काय बाई परत येणार आहेत? तुम्हीच सांगा. असं बघू नका माझ्याकडे.

आले. आले बघा. मॅडम, तुम्ही कुठे उठताय? बसा. बसा म्हणतो ना, हे तुमचं काम नाही.

या साहेब, या. हो, गारठा आहे आज. द्या तो कोट. या? या प्रवासातल्या आहेत, निघाल्याच आहेत. झालं सगळं सामान बांधून? बाईंचा फोटो हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात नको. बसा. खुर्ची? मीच ओढली असेल मघाशी. काय? काल मी फोनवर म्हणालो ते? हां, ते — तसं मोठं काही नव्हतं साहेब. एवढंच म्हणायचं होतं, की जाताना बाईंवरचा राग इथेच सोडून जा. माफ करून टाका त्यांना. विसरतो माणूस.