चढाईआधीची कटिंग

— हलू नका, भाऊ. पाती आजच बदलली, कापलं जाईन. मान जराशी वर घ्या... हां, अशी. काय सांगून राह्यलो होतो मी? पलटण! तुमीच इचारलं ना, भिंतीवर तो फोटो कोणाचा म्हून — ते माझे अब्बा. पलटणीचे नाव्ही. पलटणीत नाव्ही लागते, धोबी लागते, आचारी लागते; नुसत्या बंदुकीनं काय होते? मोठ्या लढाईच्या टायमाले, इंग्रजाच्या राज्यात, ही पलटण उभी झाली. अन् जबरदस्तीनं एकाले नाई घेतलं, आपल्या मर्जीनं गेलेले सारे — ह्या कुरखेड्याचे, वडशाचे, तिकडं मार्कंड्याकडचे. कोणी धानाच्या बांधीतून उठून गेला, कोणी बैल भावाच्या दारात बांधून गेला. गोरा साहेब म्हणे, हे काय लढतीन, यायले बूट घालता येत नाई! अन् मंग ब्रह्मदेशाच्या जंगलात त्याच साहेबाले यायनं खांद्यावर उचलून आणलं. तवापासून पलटणीचं नाव आहे — पाठ दाखवत नाई. जपान्यानं नाई पाहिली, एकाहत्तरमंधी समोरच्यानं नाई पाहिली. मी लहानपणापासून हेच ऐकलं अन् आता ह्या खुर्चीत जो बसन त्याले हेच ऐकवतो. लोक पकून जाते. जाऊ द्या.

गाल फुगवा. हां. अन् त्या पलटणीचा एक रिवाज आहे, भाऊ, तो दुसऱ्या कुठी ऐकला नाई मी. चढाईचा हुकूम आला का पहिले साऱ्यायची कटिंग. जेवण मांगून, गोळ्या मांगून. शिपाई असो का सुभेदार, रांगेनं बसाचं अन् डोकं नाव्ह्याच्या हातात द्याचं. काऊन? अब्बा म्हणत, माणूस पडला तं घरच्यायले पाहावंसं वाटन अशा तोंडानं पडला पाह्यजे. अन् सारे झाले का नाव्ही मशीन पेटीत ठेवते, हात धुते अन् पाठीवर पेटारा घेऊन तो बी वर जाते. गोळ्या न्याच्या अन् जखमी आणाचे. आता माझा रईस आहे तिथी, अब्बाच्या जागी नाव्ही म्हून. पोरगा माझा. कारगिलले आहे त्याची कंपनी. पहिले समोरच्या एसटीडीवर फोन करे, आईसंगं बोले. आता नाई येत फोन. रेडिओवर तं रोज सांगतेत, अमकी टेकडी घेतली, तमकी घेतली. कोणी घेतली, कोण राह्यलं, ते नाई सांगत.

मान खाली. — तुमी तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराचे मुनीम म्हणता? बरं. हंगामभर एटापल्लीकडंच होतो म्हणता. अन् दाढी झाली का पूरे केस उतरवा म्हणता, गरमी आहे म्हून. असन, गरमी तं आहेच. पण ही तुमची मानेवरची लाईन पाहून राह्यलो मी मघापासून. ही ताजी आहे, भाऊ. अन् उजव्या कानामांगून जराशी वर उचलली आहे. तिथी टोपीचा पट्टा घासते, घामानं फोड येते, म्हून अब्बा तिथी मशीन वर घेत. त्यायनं मले शिकवलं, मी रईसले शिकवलं. ह्या साऱ्या चांदा-गडचिरोलीत अशी लाईन कोणी नाई का—

हलू नका म्हटलं ना! वस्तरा गळ्यावर आहे माझा.

बसा. बसा, भिऊ नका. मी ठाण्यात नाई जात. हळू बोलतो, आत नसीम आहे, रईसची आई, तिले ऐकू जाईन. माझ्या पोराच्या हातची कटिंग घेऊन तुमी माझ्याच दुकानात आले. एस्टी स्टँडवर तीन खुर्च्या रिकाम्या पडल्या असतीन, त्या सोडून ह्या गल्लीत इचारत इचारत आले. केस उतरवाले कोणी एवढं फिरते का? नाई फिरत. अन् ही कटिंग चढाईआधीची आहे, हे मले कळते. म्हणजे तुमी तिथी होते. अन् आता इथी आहा.

खरं सांगू? चौकात मी छाती फुगवून पलटणीचं नाव सांगतो. पण तुमची मान पाहिली अन् मनात पहिले काय आलं माहीत आहे? हा आला, म्हणजे माझा बी येऊन राह्यला असन! मांगच्या गाडीनं असन, बल्लारशाले उतरला असन, लाजून कुठी लपला असन. पळाला असन तं पळू दे! काय होते? अब्बाचा फोटो खाली उतरवीन मी. नसीमचा भाऊ राहते जंगलाकडं, तिथी ठेवीन त्याले. तिथी नक्षलवाले दादा लोक आहेत, फौजी कटिंग पाहिली का इचारपूस करतेत — केस वाढू देऊ, केसाले काय, वाढतेच. लोक थुंकले तं माझ्या तोंडावर थुंकतीन. थुंकू द्या. सांगा ना भाऊ, तो बी निघाला ना तुमच्यासंगं?

  हा पाहा, वस्तरा बाजूले ठेवला. एकच इचारतो, नुसती मुंडी हलवा. नाव्ह्याची कटिंग साऱ्यायच्या शेवटी राहते, अन् ती त्याच्या जोडीदारानं कराची असते. ती झाल्याबिगर नाव्ही वर नाई जात, पेटीच बंद होत नाई. रईसची झाली होती का?

झाली.

हो म्हून मुंडी हलली तुमची. कोणी केली?... तुमी? तुमी केली?

संगंच चढले दोघं?... अन् उतरले एकटेच. पळत उतरले का त्याले ठेवून उतरले, हे मी इचारत नाई. नका सांगू. सांगू नका म्हटलं ना, तोंड उघडू नका! तुमी बोलले का ते खरं होऊन जाईन.

त्याच्या डोक्यात मांग दोन भोवरे आहेत, जवळजवळ. सरळ मशीन चालवली तं तिथी खड्डा पडते, वाईट दिसते. उलटी न्या लागते. लहानपणी मी दर वेळी मांडीवर धरून... त्यानं सांगतलं होतं का तुमाले? उलटी ने म्हून?

सांगतलं होतं.

मंग चांगली झाली असन.

उठा. हा घ्या पंचा, फेस पुसा. अर्धी दाढी राह्यली, ती दुसरीकडं कुठी करा. अन् केस नका उतरवू इतक्यात — काही दिवस राहू द्या, रईसच्या हातची कटिंग आहे ती. आत कपबशी वाजली, नसीम चहा घेऊन येऊन राह्यली. ती हात ओळखते त्याचा, माझ्यापेक्षा बरा ओळखते. तिनं तुमची मान नाई पाह्यली पाह्यजे. काऊन उभे राह्यले? पाया नका पडू माझ्या! जा, भाऊ. जा म्हणतो ना — जा!